धर्मग्रंथातील विरोधाभास आणि 'न पाळता येणाऱ्या' आज्ञा

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात शिक्षक, पालक व वरच्या वर्गांतील विद्यार्थी यांच्यासमोर धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आज मला जो विषय दिला आहे तो आपल्या व्यासपीठांवर सहसा घेतला जात नाही. शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा या विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु महाविद्यालयात जाणारा आपला मुलगा किंवा मुलगी घरी येऊन विचारते की, धर्मग्रंथात एके ठिकाणी एक सांगितले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्या उलट, असे का? किंवा, माणसाला जमणारच नाही अशी आज्ञा देव का देतो? तेव्हा घरात काय होते? एक तर त्या मुलाला गप्प बसविले जाते, नाहीतर मोठ्यांपैकी कोणी हसून विषय उडवून लावतो. दोन्हीही मार्ग सोपे आहेत आणि दोन्हींमुळे नुकसान होते. गप्प बसविलेला मुलगा प्रश्न सोडत नाही, तो फक्त आपल्याला विचारणे सोडतो.

म्हणून प्रथमच स्पष्ट करतो, की हा प्रश्न नवा नाही, परक्यांनी शिकवलेला नाही आणि बंडखोरीचाही नाही. तो सर्वांत आधी विचारला तो खुद्द पैगंबरांच्या (स.) सोबत्यांनी.

तीन गोष्टी वेगळ्या करू या

आपण बोलताना तीन निराळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो. पहिली विसंगती, दुसरी विरोधाभास, आणि तिसरी अशक्य आज्ञा.

विसंगती म्हणजे दोन विधाने एकाच वेळी, एकाच बाबतीत खरी असू शकत नाहीत ती. डॉक्टर एका रोग्याला भरपूर पाणी प्या म्हणतात आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला पाणी मोजून प्या म्हणतात. या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून डॉक्टर स्वतःलाच खोडतात असे कोणी म्हणाले, तर आपण विचारू की, बाबा, रोगी कोण ते पाहिलेस का? विरोधाभास म्हणजे वरवर उलटे दिसणारे, पण आत शिरल्यावर खरे ठरणारे विधान. दिल्याने संपत्ती घटत नाही, हे हिशेबाच्या वहीत चुकीचे आहे. शेजारधर्माने जगलेल्या माणसाला विचारा, तो खरे म्हणेल. आणि अशक्य आज्ञा म्हणजे जी पाळण्याची ताकदच माणसात नाही, तरी ती पाळ म्हणून सांगितली आहे, अशी आज्ञा.

धर्मग्रंथात विरोधाभास आहेत काय? आहेत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. कुरआन स्वतःच तिसऱ्या सूरेच्या सातव्या आयतीत सांगतो की, काही आयती स्पष्ट अर्थाच्या आहेत व त्याच ग्रंथाचा पाया आहेत, तर काही अनेक अर्थांच्या आहेत. विसंगती आहे काय? चौथ्या सूरेची ८२ वी आयत विचार करण्याचे आवाहन करते आणि म्हणते की, हा ग्रंथ दुसऱ्या कोणाचा असता तर त्यात पुष्कळ तफावत आढळली असती. या आयतीचा आधार घेऊन लोक चर्चा बंद करतात. वास्तविक ती चर्चा उघडते. तफावत आहे की नाही हे वाचून, ताडून पाहा, असेच ती सांगते. उरला तिसरा प्रश्न, अशक्य आज्ञेचा. आजचे बोलणे मुख्यतः त्यावर आहे.

सोबत्यांची तक्रार

दुसऱ्या सूरेच्या २८४ व्या आयतीचा आशय असा, की तुमच्या मनात जे आहे ते उघड करा वा लपवा, अल्लाह त्याचा हिशेब घेईल. ही आयत आली तेव्हा सोबती हादरून गेले. सहीह मुस्लिममधील हदीसेप्रमाणे ते पैगंबरांकडे गेले, गुडघे टेकून बसले आणि म्हणाले की, नमाज, रोजा, दान हे आमच्या कुवतीतले होते. ही आयत मात्र आम्हाला पेलणारी नाही. मनात काय येते त्यावर कोणाचा ताबा असतो? पैगंबरांनी त्यांना हुज्जत न घालता ऐकण्याचा व मानण्याचा मार्ग दाखविला, त्यांनी तो स्वीकारला, आणि त्यानंतर २८६ वी आयत आली. तिचा आशय आपणा सर्वांना पाठ आहे. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडचा भार टाकत नाही.

या प्रसंगातील एक बारकावा पाहा. सोबत्यांनी आयत समजल्याचे नाटक केले नाही, आणि पेलत नाही म्हणून धर्मही सोडला नाही. त्यांनी अडचण बोलून दाखविली. त्या अडचणीला उत्तर मिळाले आणि ते उत्तर ग्रंथाचाच भाग झाले. म्हणजे 'हे आम्हाला जमणार नाही' हा उद्गार आपल्या परंपरेत अगदी पहिल्या पिढीपासून नोंदलेला आहे.

दुसरे उदाहरण. तिसऱ्या सूरेच्या १०२ व्या आयतीत सांगितले आहे की, अल्लाहची भीती त्याच्या योग्यतेप्रमाणे बाळगा. अल्लाहच्या योग्यतेप्रमाणे! कोण बाळगणार? चौसष्टाव्या सूरेच्या १६ व्या आयतीत म्हटले आहे की, जमेल तितकी बाळगा. काही भाष्यकारांनी दुसऱ्या आयतीने पहिली रद्द झाली असे मानले. काहींनी म्हटले की दुसरी ही पहिलीचा खुलासा आहे. मला दुसरे मत पटते, आणि त्यासाठी आपल्या रोजच्या व्यवहारातले उदाहरण देतो. नमाजाच्या वेळी आपण काबेकडे तोंड करतो. येथून मक्का हजारो किलोमीटर दूर. दिवसातून पाच वेळा तेथे पोहोचा असे कोणी सांगितलेले नाही. तोंड तिकडे करा, एवढेच सांगितले आहे. पोहोचायचे ते आयुष्यात एकदा, आणि तेही ज्याला वाट खर्चासह परवडेल त्यानेच. काही आज्ञा मुक्कामाच्या असतात, काही दिशेच्या. दिशेच्या आज्ञेला मुक्कामाची आज्ञा समजले की ती अशक्य वाटू लागते.

मदरशात गाजलेला वाद

पुढे विद्वानांनी या प्रश्नाला शास्त्राचे रूप दिले. पेलवत नाही असे काही करण्याची आज्ञा अल्लाह देऊ शकतो काय, अशी चर्चा सुरू झाली. मोतझिला पंथाचे म्हणणे असे की, नाही. कारण तो अन्याय होईल आणि अल्लाह अन्यायी नाही. अशअरी पंथाचे म्हणणे असे की, अल्लाहवर माणसाने बंधन घालू नये. तो देऊ शकतो. मातुरिदी पंथाने, ज्याचा प्रभाव आपल्या हनफी परंपरेवर आहे, अशी आज्ञा मान्य केली नाही.

या वादात एक जबरदस्त कोडे मांडले गेले. कुरआनची १११ वी सूरा अबू लहबविषयी आहे. पैगंबरांचा चुलता, पण कट्टर विरोधक. तो नरकाच्या आगीत जाईल असे ती सूरा त्याच्या हयातीतच सांगते. आता पाहा, इतरांप्रमाणे अबू लहबलाही आज्ञा होती की, जे अवतरले त्या सर्वांवर विश्वास ठेव. पण त्या सर्वांत तो विश्वास ठेवणार नाही हेही आले. म्हणजे त्याने विश्वास ठेवणार नाही यावर विश्वास ठेवायचा! इमाम फख्रुद्दीन राझी यांनी हे कोडे मोठ्या ताकदीने मांडले आहे. हे राझी कोणी टीकाखोर नव्हते. १२१० साली वारलेले, कुरआनवर प्रचंड भाष्य लिहिणारे ते इमाम होते.

यावर उत्तरे दिली गेली. एक उत्तर असे की, एखादी गोष्ट घडणार हे माहीत असणे वेगळे आणि ती घडवून आणणे वेगळे. सूरेने अबू लहबचे भविष्य सांगितले, त्याचे हात बांधले नाहीत. हे उत्तर अनेकांना पटले, अनेकांना पुरेसे वाटले नाही. माझा मुद्दा उत्तराचा नसून वर्गाचा आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या मदरशात शिक्षक स्वतःच्या ग्रंथावर सर्वांत अवघड आक्षेप स्वतःच मांडीत आणि विद्यार्थ्यांना म्हणत, सोडवा. आज आपल्या शाळेत एखाद्या मुलीने याच्या शतांश अवघड प्रश्न विचारला तर तिच्या पालकांना बोलावणे जाते. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी ही परंपराही सांभाळायला हवी.

रद्द झालेल्या आयतींचीही अशीच गोष्ट आहे. दोन आयतींचा मेळ बसला नाही की जुनी रद्द म्हणण्याची रीत पडली, आणि अशा आयतींची यादी लांबत गेली. पंधराव्या शतकातील इमाम सुयुती यांनी ती छाटून सुमारे वीसवर आणली. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (मृत्यू १७६२) यांनी 'अल्-फौजुल कबीर' या ग्रंथात फक्त पाच शिल्लक ठेवल्या. सर सय्यद अहमद खान यांनी एकही मानली नाही. ग्रंथ तोच राहिला. प्रसंग, संदर्भ व भाषा यांचे ज्ञान वाढले तशी विसंगती घटत गेली.

शेजारच्या परंपरेतही हेच दिसते. अतिरात्र नावाच्या यज्ञात षोडशी नामक पात्र घ्यावे असे एक वेदवाक्य आहे आणि घेऊ नये असे दुसरे. मीमांसकांनी दोन्ही वाक्ये कायम ठेवून 'विकल्प' हा नियम काढला, म्हणजे घेतले तरी चालते, न घेतले तरी चालते. अशा नियमांच्या आधारे शास्त्रवचनांचा मेळ घालणारा विज्ञानेश्वर आपल्या उमरग्यापासून फार दूर नसलेल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या पदरी होता. त्याची 'मिताक्षरा' पुढे न्यायालयांतही हिंदू कायद्याचा आधार ठरली. ग्रंथ मानणाऱ्या प्रत्येक समाजाला हे काम करावेच लागले आहे.

पाण्याविना वजू, उन्हातला रोजा

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. हा अवर्षणाचा प्रदेश. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पाच वेळा वजू करण्याची आज्ञा अशक्य ठरली असती, जर त्याच आज्ञेच्या पोटात तयम्मुम नसता. पाणी मिळाले नाही, किंवा आजारामुळे वापरता येत नसले, तर स्वच्छ मातीवर हात मारून तोंडावर व हातांवरून फिरवा, एवढे पुरे. पाणी असले तरी पैगंबर सुमारे पाऊण लिटर पाण्यात वजू उरकीत, अशी हदीस आहे.

याच बाबतीत अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे, ती प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली. त्याला अंघोळ आवश्यक झाली. त्याने सोबत्यांना विचारले की, मला तयम्मुमची सवलत आहे का? ते म्हणाले, पाणी आहे, मग सवलत कसली? त्याने अंघोळ केली आणि तो दगावला. पैगंबरांना हे कळले तेव्हा ते संतापले. या लोकांनीच त्याला मारले असे म्हणाले, आणि माहीत नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर विचारणे हाच इलाज आहे, या अर्थाचे बोलले. येथे आज्ञा अशक्य कोणी केली? ग्रंथाने नव्हे. अर्धे ज्ञान असलेल्या माणसांनी केली.

रोजाचेही तसेच. दुसऱ्या सूरेच्या १८४ व १८५ या आयतींत आजारी व प्रवासी यांना नंतर रोजे पुरे करण्याची मुभा आहे, आणि शेवटी म्हटले आहे की, अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको आहे. २०२४ आणि २०२५ साली रमजान मार्चमध्ये आला. आपल्या जिल्ह्यातली कुटुंबे त्या दिवसांत कारखान्यांच्या फडावर ऊस तोडत असतात. उन्हात मोळ्या वाहणाऱ्या बाईने काय करावे? रोजाची नियत करावी, जिवावर बेतू लागले तर सोडावा व पुढे भरून काढावा, असे फुकहा सांगत आले आहेत. १८४ व्या आयतीत एका शब्दाचा अर्थ 'ज्यांना जमते' असा घ्यावा की 'ज्यांना मोठ्या कष्टाने जमते' असा, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. एका शब्दाने गरीब मजुराचे आयुष्य सुसह्य होते की असह्य, हे ठरते. म्हणूनच भाषा शिकणे हे धर्मकार्य आहे. आणि दुसरे खलिफा हजरत उमर यांनी हिजरी १८ च्या दुष्काळात चोरीची शिक्षा स्थगित ठेवली होती, हे दुष्काळी जिल्ह्यातील आपण तरी विसरू नये. भुकेल्याला चोरी करू नकोस म्हणण्याआधी त्याला भाकर मिळेल असे करा, असा त्याचा अर्थ आहे.

दोन बायका आणि न्याय

आता ज्या आज्ञेवरून सर्वाधिक वाद होतो तिच्याकडे वळू. चौथ्या सूरेची तिसरी आयत उहुदच्या लढाईनंतरच्या काळातली मानली जाते. ६२५ साली झालेल्या त्या लढाईत सुमारे सत्तर मुसलमान पडले. विधवा आणि अनाथ यांचा प्रश्न उभा राहिला. आयत अनाथांविषयीच्या न्यायापासून सुरू होते, चारपर्यंत विवाहांची मुभा देते, आणि न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच, असे बजावते. त्याच सूरेची १२९ वी आयत सांगते की, तुम्ही कितीही इच्छा केली तरी बायकांमध्ये न्याय करणे तुम्हाला कधीच जमणार नाही.

दोन्ही शेजारी ठेवा. न्यायाच्या अटीवर मुभा, आणि अट पुरी होणार नाही अशी ग्वाही. हा विरोधाभास की विसंगती?

परंपरेचे उत्तर असे की, पहिल्या आयतीतला न्याय हा अन्न, वस्त्र, निवारा व वेळ यांचा आहे, तो करता येतो. दुसऱ्या आयतीतला न्याय हा मनाच्या ओढीचा आहे, तो कोणाच्याच हातात नाही. म्हणूनच ती आयत पुढे म्हणते की, एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला अधांतरी लोंबकळत ठेवू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तचे शेख मुहंमद अब्दुह यांनी वेगळे उत्तर दिले. न्याय जवळजवळ अशक्य असेल तर सामान्य परिस्थितीत ग्रंथाचा कल एकाच विवाहाकडे आहे, असे ते म्हणाले. ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वाला कायद्याने बंदी केली. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढून तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी केली, व १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची सर्व मते मान्य असोत वा नसोत, त्या सात स्त्रियांचा प्रश्न मात्र १२९ व्या आयतीतलाच होता.

या प्रश्नाची आणखी एक कहाणी आपल्याच जिल्ह्यातली आहे. तेरच्या गोरोबा काकांची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. बायकोने रागाच्या भरात विठ्ठलाची आण घातली की, मला शिवू नका. गोरोबांनी ती आण पाळली. पुढे त्यांचे तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न झाले. सासऱ्याने निरोप देताना सांगितले की, दोघींना सारखेच वागवा. भोळा सज्जन माणूस! थोरलीला शिवायचे नाही, आणि दोघींत फरक करायचा नाही. म्हणून त्यांनी धाकटीलाही दूर ठेवले. शेवटी बहिणींनी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले, आणि आण मोडली म्हणून गोरोबांनी ते हात तोडून टाकले.

आख्यायिका भक्तीची आहे आणि तिचा शेवट पांडुरंगाच्या कृपेने गोड होतो, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यातले संसाराचे सत्य पाहा. ज्याने समान वागणुकीची आज्ञा अक्षरशः, शेवटपर्यंत पाळली, त्याला ती फक्त दोघींनाही सारखेच वंचित ठेवून पाळता आली. एका कुंभाराच्या घरातील गोष्ट आणि १२९ वी आयत एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आपल्या गल्लीत दुसरा निकाह करणारा माणूस गोरोबांइतका प्रामाणिक असतो काय? तो तिसऱ्या आयतीतली मुभा घेतो, अट सोडतो, आणि १२९ वी आयत वाचतच नाही. पहिलीला माहेरी बसवून ठेवतो, म्हणजे ज्या 'अधांतरी' अवस्थेला आयतीने नाव घेऊन मनाई केली, नेमके तेच करतो. त्याच्या तोंडी धर्माची भाषा शोभत नाही.

तलाकबाबतही हेच घडले. चौथ्या सूरेच्या ३५ व्या आयतीत दोन्हीकडचा एकेक मध्यस्थ नेमून समेट करा असे सांगितले आहे. एका दमात तीन तलाक देणे पाप, पण दिला तर लागू, हे चमत्कारिक कोडे कुरआनातले नाही. ते फुकहांच्या मतातून आले आणि रूढीने पक्के केले. लातूरकडील एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्ण पीठाने २००२ साली सांगितले की, तलाक दिला एवढे नुसते म्हणणे पुरेसे नाही; कारण, समेटाचा प्रयत्न आणि प्रत्यक्ष उच्चार हे सर्व पुराव्याने सिद्ध करावे लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात तशीच भूमिका घेतली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तिहेरी तलाक अवैध ठरला आणि २०१९ साली तो कायद्याने गुन्हा झाला. नवऱ्याला तुरुंगात टाकण्याच्या तरतुदीवर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण जे काम आपल्या जमातीच्या पंचांनी ३५ वी आयत वाचून करायचे ते न्यायालयांना का करावे लागले, याचा विचार आपणच केला पाहिजे.

अवघड, पण अशक्य नव्हे

माझ्या मते या जिल्ह्यातल्या माणसासाठी सर्वांत कठीण आज्ञा पाचव्या सूरेच्या आठव्या आयतीत आहे. एखाद्या समाजाविषयीचा द्वेष तुम्हाला अन्यायाकडे ओढून नेऊ देऊ नका. न्याय करा, असा तिचा आशय. चौथ्या सूरेची १३५ वी आयत त्याच्याही पुढे जाते. स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध, नातलगांविरुद्ध जात असली तरी खरी साक्ष द्या, असे ती सांगते.

हे येथे का कठीण आहे ते सांगतो. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते; ते १९८२ साली वेगळे झाले. रझाकारांनी या मुलखातील हिंदू गावकऱ्यांवर अत्याचार केले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने त्याच वर्षी दौरा करून जो अहवाल दिला, त्यात सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. इतर तीन म्हणजे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

दोन्ही घरांत म्हाताऱ्यांनी नातवांना आपापली अर्धी हकीकत सांगितली. आयत उरलेली अर्धी सांगायला लावते. मुसलमानाने रझाकारांविषयी खरी साक्ष द्यावी, आणि हिंदूने त्यानंतरच्या दिवसांविषयी. हे अशक्य आहे काय? त्याच अहवालात नोंद आहे की, एके ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण केले आणि त्यासाठी प्राणांचीही किंमत मोजली. त्या विणकरांनी पाचवी सूरा वाचली नव्हती, पण आज्ञा त्यांनी पाळली. जे एकदा घडले आहे त्याला अशक्य म्हणता येत नाही. अवघड म्हणा.

अशक्य आणि अवघड यांतला हा फरक फार महत्त्वाचा आहे. जे जमत नाही त्यासाठी ग्रंथाने सवलत दिली आहे, माती दिली आहे, नंतरचे दिवस दिले आहेत. जे करावेसे वाटत नाही त्यासाठी मात्र सवलत नाही. आपण नेमके उलटे करतो. जखमी माणसाला अंघोळ करायला लावतो, आणि धडधाकट माणसाला न्यायातून सूट देतो.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना

शेवटी थोडे व्यवहाराचे. विद्यार्थी मित्रांनो, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणी एक आयत कापून दाखविली, मग ती स्तुतीसाठी असो वा निंदेसाठी, तर चार गोष्टी करा. तिच्या आधीची व नंतरची आयत वाचा. ती कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून आहे ते शोधा. त्याच विषयावरच्या इतर आयती शेजारी ठेवा. आणि शेवटी स्वतःला विचारा की, ही आज्ञा मला जमत नाही, की मला नको आहे? चौथा प्रश्न सर्वांत अवघड असून त्याचे उत्तर कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

शिक्षकांनो, उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि विद्यार्थ्यासोबत शोधा. मुलाच्या नजरेत त्यामुळे आपण लहान होत नाही. संस्थाचालकांना विनंती आहे की, ग्रंथालयात मूळ अरबी मजकुरासह उर्दू व मराठी भाषांतरे, निदान दोन निरनिराळ्या मतांची भाष्ये, आणि शेजारच्या धर्मांचेही ग्रंथ ठेवावेत. आपली मुले विचार मराठीत करतात, दुआ अरबीत मागतात आणि घरी दख्खनी बोलतात. या तिन्हींमधला पूल शाळेनेच बांधायचा आहे. विशेषतः मुलींना वाचू द्या. ज्या आयतींचा त्यांच्या संसाराशी संबंध आहे त्या त्यांनी स्वतः वाचलेल्या असल्या, तर कोणी त्यांना अर्धी आयत सांगून फसवू शकणार नाही.

पहिला शब्द जो अवतरला तो 'वाच' असा होता, हे आपण प्रत्येक समारंभात सांगतो. वाचणारा माणूस अडखळणार, थांबणार, विचारणार. ते गृहीत धरूनच ती आज्ञा दिलेली आहे, आणि ती तर कोणालाही पाळता येण्यासारखी आहे.